तुळाबाबाची तीन बोटं

"रांगेत एकटी आणि जागा दोघींची!" मागून एक बाई पुटपुटली. "पोरगी पुढे सरकली तरच आमचा नंबर लागायचा."

सुचिताने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या लेकीने, जाईने मात्र ऐकलं. तेरा वर्षांची ती पोर खांदे आत ओढून, श्वास रोखून, होती त्याहून बारीक व्हायचा प्रयत्न करू लागली.

करावे गावातला तो हॉल एरवी साखरपुड्यांना मिळायचा. त्या रविवारी वर्गणी काढून तिथे तुळाबाबांना आणलं होतं. छताच्या कडीला भलामोठा तराजू टांगलेला. दांडीवर झेंडूच्या माळा इतक्या, की खालचं लाकूड दिसू नये. एका पारड्यात भक्त, दुसऱ्यात पितळी वजनं. आधी तोलायचं, मग तराजूभोवती सात फेरे, मग पुन्हा तोलायचं. तेवढ्यात माणूस पाच-सहा किलोंनी हलका! मघाशी एका काकूंची सात किलो चरबी अशीच गेली. ब्लाउज होता तितकाच घट्ट राहिला, पण काकू हात जोडून रडल्या.

"चरबी म्हणजे काय, माउली?" बाबा माइकवर विचारत होते. "लोकांची नजर! बघतात, चिकटते, थरावर थर बसतो. डॉक्टरकडे नजर काढायचं मशीन आहे का?"

"नाय!" हॉल ओरडला.

"मग त्याची फी कशाला?"

बाबांची स्वतःची ढेरी सिंहासनाच्या दोन्ही हातांना टेकली होती. ती भक्तांची ओढून घेतलेली नजर आहे, असं शिष्य शहाजी न विचारता सांगत होता.

पंधरा दिवसांपूर्वी पालिकेच्या दवाखान्यात जाईचं रक्त तपासलं होतं. साखर अगदी काठावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाळ, भाजी, मासे, फळं द्या. पाकिटातलं बंद." सुचिताने मान डोलावली होती. सीवूड्सच्या टॉवरमध्ये चार घरी ती स्वयंपाक करायची. भाजीचा भाव तिला डॉक्टरीणबाईंपेक्षा नीट ठाऊक होता. चिठ्ठी पर्समध्ये घडी करून पडली होती. बाबांनी भाजीचं नावसुद्धा काढलं नव्हतं, म्हणूनच ते बरे वाटले.

सोबत घरमालकीण काशीआजी आली होती. चाळीस वर्षं खाडीची मासळी विकलेली बाई. आता गुडघे गेले आणि खाडीत मिळत नाही काही, म्हणून तिच्या लेकाने पुढच्या खोलीत दुकान थाटलं होतं. दारात चिप्सच्या पाकिटांची तोरणं. "चल, मलापन बगूदे," ती निघताना म्हणाली होती, "कोन एवरा मोटा वानी आलाय."

जाईचा नंबर आला. अठ्ठावन्न किलो. शहाजीने दांडी उतरवली, 'शुद्धी' म्हणून धुपाच्या धुरात नेली, मंत्र पुटपुटत परत टांगली आणि रिकामं पारडं हाताने धरून उभा राहिला. सात फेरे झाले. जाई बसली.

त्रेपन्न!

"आई! पाच किलो!" जाई हसली. शाळेत पोरं चिडवायला लागल्यापासून ती अशी हसली नव्हती.

बाबा डोळे मिटून म्हणाले, "आता एकवीस दिवस फक्त अंगाऱ्याचं पाणी. अन्नाचा कण पोटात गेला, तर उतरलेलं दुप्पट चढेल."

"मी करीन," जाई आईच्या आधी बोलली.

मागच्याच आठवड्यात ही पोर उपाशी राहून जिन्यात चक्कर येऊन पडली होती. सुचिताने जोडायला उचललेले हात खाली घेतले.

"ए वानी, थांब." काशीआजी उठली. "पोरीला त्या पारड्यात बसव."

"आजी, ते वजनांचं पारडं आहे," शहाजी मध्ये पडला.

"मंग वजनां हिकरं ठेव. तराजू खरा असल तर त्याला काय फरक परतो?"

"ते शास्त्रात बसत नाही!"

"माज्या शास्त्रात बसतं. आनि रिकामा पारडा कोनी हातानी धरतं काय रं? सोडला की कलंडतो, म्हनून ना?"

हॉलमध्ये निम्म्या बायका जुन्या मासळीवाल्या. त्या खुदकन हसल्या आणि पुढे सरसावल्या. शहाजीला कुणी विचारलंच नाही. जाई पलीकडच्या पारड्यात, वजनं अलीकडे.

"त्रेसष्ट!"

"अगो बया, बसल्याजागी दहा किलो वाडली!"

आजीने दांडीवरच्या माळा ओरबाडल्या. खाली लाकडात दोन भोकं होती, एक बरोबर मध्ये आणि दुसरं तीन बोटं बाजूला.

"ह्यो बगा देव!" आजी म्हणाली. "टांगायचा आकडा मदल्या भोकात, तर वजन खरा. शुद्धी करताना तो बाजूच्या भोकात गेला, का मानसाची बाजू आखूड नि वजनाची लांब. लांब बाजूला कमी वजनपन भारी परतं. चरबी कुटं गेली नाय. दांडी सरकली."

"तुला गो कसं ठाव?" एका मासळीवालीने विचारलं.

"तरनेपनी मीपन येकदा केला होता. सासूनी थोबाड फोडला."

हसण्याच्या गलक्यात बाबा चपला शोधू लागले, पण हॉलच्या दाराला बायकांनी आधीच कडी घातली होती. वर्गणी परत केल्याशिवाय महाराज हलके होणार नव्हते.

तेवढ्यात मघाशी रांगेत पुटपुटलेली ती बाई म्हणालीच, "बाबा खोटा, कबूल. पण पोरी जाड होतात त्या कशाने? शेवटी खादाडपणाच ना!"

काशीआजी पदराचं टोक चाचपू लागली. जाईने पारड्यातच खांदे पुन्हा आत ओढले.

सुचिताने तिचा हात धरून तिला खाली उतरवलं.

"दिवसभर मी दुसऱ्यांकडे तीन-तीन रंगांच्या भाज्या चिरते," ती म्हणाली. "घरी मेथीची एक जुडी आणली तर आमची एक वेळ भागत नाही. आजींच्या दुकानातलं पाकीट दहा रुपयांना. पोट भरतं, पोर गप्प झोपते. कधी पाकीट, कधी नूडल्स, कधी क्रीमची बिस्किटं. मीच देते. ह्यात नजर कुठे आली? तराजू उलटा करून बघितलात ना, तसं आता आपापल्या पिशवीत बघा. सगळ्यांच्या पिशवीत तेच आहे."

कुणीच पिशवी उघडली नाही. पिशव्या नुसत्या हलल्या तरी आत पाकिटं कुरकुरली.

"आणि ताई, माझी जाई खादाड नाही," सुचिता म्हणाली. "आम्हाला जे परवडतं, ते खाते ती."