दुसऱ्या वाटीतली पेज

दर शुक्रवारी चार वाजायच्या आत तांग सरांच्या टेबलावर कागद पडायलाच हवा, असा नियम होता. मुलांच्या वागणुकीवर लक्ष ठेवायला विद्यापीठाने नेमलेले हे तांग सर वयाने जेमतेम तिशीचे आणि बोलायला मधाळ. कोणते शिक्षक वर्गात काय बोलले ते लिहून द्यायला त्यांनी दर वर्गातली चार मुलं निवडली होती, आणि त्या चौघांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. बाओ जिंगवन त्यांतलीच एक. वर्षभर तिने एकच ओळ लिहून दिली होती, ‘विशेष काही नाही.’ पुढच्या शिक्षणाचं शिफारसपत्र सरांच्या हातात, मग नाही म्हणायची छाती कुणाची?

पण या शुक्रवारी काय लिहावं, हे तिला जेवणाच्या सुट्टीपासून ठरवता येत नव्हतं.

झालं होतं सोमवारी. आजचा चिनी समाज हा विषय हुओ मॅडम शिकवायच्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावच्या बोलीत बोलतं करा आणि शब्दन् शब्द उतरवून आणा, असा त्यांनी अभ्यास दिला होता. जिंगवनने आजीचा आवाज फोनवर घेतला. मॅडमना तो इतका भिडला की कोणी आणला ते न सांगता त्यांनी तो भर वर्गात लावला.

आजी सांगत होती ते एकोणीसशे साठ सालचं, ज्याविषयी उघड बोलायची चोरी होती त्या उपासमारीचं. ती नऊ वर्षांची, धाकटा भाऊ चारचा. तो एका पहाटे गेला. आईने रडायचंही नाही म्हणून बजावलं, त्याला गोधडीत गुंडाळून ठेवलं आणि आजीला दोन वाट्या देऊन गावच्या सामाईक स्वयंपाकघरात पाठवलं, कारण मेलेल्याच्या वाट्याची पेज बंद व्हायची. “तीन दिवस आणली मी ती पेज,” आजी म्हणाली. “स्वयंपाकघरावर तुंग दाफू होता. त्याने विचारलं, धाकटा कुठाय? मी म्हटलं, निजलाय...”

आवाज तिथेच तुटला होता. दाफूचं नाव ऐकून जिंगवननेच घाबरून फोन बंद केला होता. त्या तुंग दाफूचा नातू आज गावचा पक्षसचिव. आजीच्या प्रत्येक कागदावर शिक्का त्याचा.

वर्गात बेचाळीस मुलं, आणि श्वास ऐकू येईल अशी शांतता. मग कुठेतरी पेन चाललं. कोणाचं?

“काय गं, भूत पाहिलंस का?” खोलीवर आल्यावर शाओछिनने विचारलं. दोघी एकाच वर्गात होत्या आणि दोन वर्षं एकाच खोलीत राहत होत्या. “ती म्हातारी तुझ्याकडचीच वाटली मला. तू फोनवर आजीशी बोलतेस ना, अगदी तसंच.”

“आमच्याकडे काय एकच म्हातारी आहे?”

“बरं बाई, चावू नकोस! सूर्यफुलाच्या बिया खा.”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालं. शाओछिनने वही उघडली की जिंगवन तिच्या पेनाकडे तिरक्या नजरेने बघायची. दुसऱ्या कोणी लिहिलं, त्यात आपलं नाव घातलं, तर आजी संपली. आणि ऐकूनही लिहिलं नाही म्हणून आपणही संपलो. त्यापेक्षा आपणच आधी लिहावं, विद्यार्थ्याचा उल्लेखच येणार नाही असं. पावणेचारला तिने एक वाक्य लिहिलं, ‘शिक्षिकेने साठ सालाविषयी एका वृद्धेचं बोलणं वर्गात ऐकवलं.’ कागद देऊन आली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पुढच्या सोमवारी मॅडमच्या जागी दुसरेच सर आले. बुधवारी तांग सरांनी तिला बोलावून चहा पुढे केला. तिने कपाला हात लावला नाही.

“अगं, घाबरतेस काय? शाबासकी द्यायला बोलावलंय,” सर म्हणाले. “तो आवाज कोणाच्या घरचा, असं आम्ही हुओ मॅडमना विचारलं. म्हणाल्या, मीच खेड्यात जाऊन घेतला, मुलांचा काही संबंध नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. तसं लिहूनही दिलं. आता त्या ग्रंथालयाच्या तळघरात जुनी मासिकं लावतील.”

“बाकीच्यांनी... बाकीच्यांनी काय लिहिलं होतं, सर?” जिंगवनने विचारलं.

सर हसले. फाईल उघडून त्यांनी तीन कागद तिच्यासमोर पसरले. “बघ की! ‘विशेष काही नाही.’ ‘विशेष काही नाही.’ ‘विशेष काही नाही.’ तुझ्याएवढं लक्ष कोणाचंच नाही.”

तिसऱ्या कागदावरचं गोल, टपोरं अक्षर तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते शाओछिनचं होतं.

ती जिना कसा उतरली तिचं तिला ठाऊक. खाली येते तो फोन वाजला, आजीने आवाजात निरोप पाठवला होता.

“जिंगजिंग, तुझ्या बाईंना ऐकवलंस का गं? तू मधेच फोन बंद केलास, पुढचं राहूनच गेलं. दाफूला कळलं होतं, बाळा. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी वाटीही काठोकाठ भरली. तीनही दिवस. तो धरला गेला असता तर त्याच्या पोरांची पेज गेली असती. म्हणून तर नाव घेतलं मी त्याचं. बाईंना एवढं मात्र सांग हो.”

जिंगवनने ते दोनदा ऐकलं. मग ती ग्रंथालयाकडे चालू लागली आणि पायऱ्या उतरून तळघराच्या दाराशी आली. दार अर्धवट उघडं होतं. आत मासिकांचे गठ्ठे सोडल्याचा आवाज येत होता.

“कोण आहे?” मॅडमनी आतून विचारलं.

जिंगवनने आधी मागे वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही ना. जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी तिचा पाय उंबरठ्याच्या आत पडला नाही.

“कोण आहे? ये की आत,” मॅडम म्हणाल्या.