बाजीरावांची खुर्ची नाटकात जाते

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. जुनी म्हणाले, मोडकी नाही हं! करावे गावच्या मारोती सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या बाजीरावांनी मला हौसेने वाशीच्या नव्या ब्लॉकमध्ये आणलं. पण हौस कसली? आल्या दिवशीच माझ्यावर चादर पडली. पाहुणे सतरंजीवर बसायचे आणि म्हणायचे, "काय सुंदर खुर्ची!" बसायला मात्र कुणाला परवानगी नाही. मला फार वाईट वाटे.

१९८३च्या गणपतीत सोसायटीने एक जुनं विनोदी नाटक बसवलं. स्टेजवरचं सामान घराघरांतून मागून आणायची तेव्हा पद्धत होती. बाजीराव ड्युटीवर असताना त्यांच्या बायकोने, वैजयंतीबाईंनी, मला परस्पर देऊन टाकलं. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या!

त्या नाटकात एकही माणूस धड नाही. म्हातारा चिकट, मुलगा थापाड्या, बहीण भांडकुदळ. लोक पोट धरून हसत होते. ड्युटीवरून थेट आलेले बाजीरावही हसत होते. दुसऱ्या अंकात म्हातारा माझ्यात येऊन बसला आणि त्यांनी मला ओळखलं.

मध्यंतरात ते तावातावाने आत आले. "माझी खुर्ची द्या! आणि असली नालायक माणसं पोरांना दाखवता? काय शिकायचं त्यांनी?"

म्हाताऱ्याचं काम करणारा नंदकिशोर हातापाया पडू लागला. "काका, शेवटचा सीन खुर्चीवरच आहे. नेलीत तर नाटक बोंबललं!"

"मी दिली," मागोमाग आलेल्या वैजयंतीबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर दिली असतीत?"

बाजीराव नंदकिशोरकडे वळले. मग म्हणाले, "खुर्चीच्या हातांवर पाय टाकायचे नाहीत, सांगून ठेवतो." आणि विंगेत पहाऱ्याला उभे राहिले.

शेवटी सगळे म्हाताऱ्याला सोडून जातात. तो माझ्यात एकटाच बसून ओरडतो, "आता सगळं माझं!" प्रेक्षक खो खो हसले. विंगेतले बाजीराव हसले नाहीत.

नाटक संपल्यावर शेजारच्या अरुणाताईंनी मला जिना चढवायला हात लावला आणि त्या दारातूनच परत निघाल्या.

"बसा ना," बाजीराव म्हणाले.

"नको, कशाला सतरंजी घालत बसता!"

"सतरंजी नाही हो. खुर्चीत बसा."

अरुणाताईंनी आधी वैजयंतीबाईंकडे पाहिलं, मग हळूच टेकल्या. मी कुरकुरले, पण आनंदाने बरं का!

आता माझे हात घासून गुळगुळीत झालेत, बैठकीचा वेतही सैल पडलाय. तक्रार मुळीच नाही. मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना पुसा, जपा, सैल वेत वेळेवर विणून घ्या. पण दारात कुणी उभं असलं, तर आधी त्याला बसायला सांगा.