तळाचा फोटो

शेततळ्यांची तपासणी करणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे पट्टीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांच्या जीपमध्ये चार मीटरची घडीची पट्टी कायम असे, आणि त्या पट्टीवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. त्याला कारणही होतं. सहा वर्षांपूर्वी एका महाभागाने एकाच तळ्याचे चार बाजूंनी चार फोटो काढून चार तळ्यांचं अनुदान उचललं, आणि चारही मंजुऱ्यांवर सही बाईंची होती. चौकशीत त्यांच्या नाकी नऊ आले. पुन्हा कोणी डोळ्यांत धूळ फेकू नये म्हणून त्यांनीच अर्जात एक रकाना वाढवून घेतला: उघड्या तळाचा फोटो, तळाला टेकवलेल्या पट्टीसह. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली.

तपासणी खणून झाल्याबरोबर व्हायची, त्यामुळे हा रकाना कुणाला कधी अडला नाही. यंदा मात्र तपासणी दहा महिने रखडली. मधल्या काळात पाऊस पडला, तळी भरली आणि उन्हाळा लागला. मग कचेरीला जाग आली आणि एकोणीस पत्रं गेली: तळ दिसेल अशा स्थितीत तळे तपासणीसाठी सादर करावे. बाईंनी चहा पिता पिता एकोणीस सह्या ठोकल्या.

पहिलं तळं लिंबाच्या बागेतलं. जीप बांधाशी थांबली तेव्हा तळ्यावर पाणी उपसायचं इंजिन धडधडत होतं आणि जाडजूड पाइपातून पाणी कोरड्या ओढ्यात पडत होतं. बागवाला इस्त्रीचे कपडे घालून उभा होता.

"या मॅडम, अगदी वेळेवर आलात. दोन दिवस इंजिन चालू आहे. आता हातभर राहिलंय, तेवढं तासाभरात जाईल."

"पाणी का सोडताय?"

बागवाल्याला वाटलं, बाई परीक्षा घेताहेत. त्याने खिशातून पत्र काढून दाखवलं. "तळ दिसला पाहिजे ना? पत्राबाहेर आम्ही जात नाही."

"अहो, निदान बागेला तरी द्यायचं!"

"दिलं की. पण झाडं पिऊन पिऊन किती पिणार? मुळं कुजतील."

"आणि पावसाला अजून अडीच महिने आहेत. तोवर बाग कशी जगवणार?"

"ते तुम्ही ठरवलंच असेल," तो म्हणाला. "सरकारने पत्र काढलं म्हणजे पुढचा विचार केलेलाच असणार."

तो टोमणा असता तर बाईंनी परतवला असता. तो टोमणा नव्हता.

इतक्यात बागवाल्याची बायको घरातून दोरीचं एक वेटोळं घेऊन आली. दोरीच्या टोकाला दगड होता आणि हात-हात अंतरावर गाठी. "ताई, एक विचारू? दर सोमवारी मी ही तळ्यात सोडते. किती गाठी भिजल्या त्यावरून कळतं किती दिवसांचं पाणी आहे. गेल्या सोमवारी सहा भिजल्या. ही चालली नसती का? हे म्हणाले, सरकारला गाठी चालत नाहीत."

"इंजिन बंद करा," बाई म्हणाल्या. "आधी ते बंद करा."

इंजिन थांबलं. एवढं केलंच आहे तर फोटो तरी घ्या, म्हणून बागवाला स्वतःच पट्टी घेऊन उरलेल्या हातभर पाण्यात उतरला. खोली तीन मीटर भरली, बोटभरही कमी नाही. तळं इमानेइतबारे खणलेलं होतं. बाईंनी फोटो काढला, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की नवराबायकोच्या तोंडाकडे बघवेना.

त्यांनी बांधावर बसून मोठ्या साहेबांना फोन लावला. "साहेब, तो तळाच्या फोटोचा रकाना काढायला हवा. आजच."

"पुढच्या महिन्याच्या बैठकीत मांडा."

"तोवर सगळी तळी रिकामी होतील."

"मग तपासणी सोपीच जाईल की. आणि हे बघा, आदेशाआधी कुणाला काही सांगू नका. चौकशी लागली तर तुमच्याच गळ्यात येईल."

चौकशी म्हणजे काय हे बाईंना सांगायची गरज नव्हती. तरीही त्यांनी पिशवीतून उरलेल्या अठरा जणांची यादी काढली.

पहिला फोन उचललाच गेला नाही. दुसऱ्याला भाड्याचं इंजिन उद्या मिळणार होतं. "सोडू नका," बाई म्हणाल्या. "आपण दोरी सोडून मोजू. सही मी करते."

"लेखी द्याल?"

"देते."

तिसरा फोन एका म्हातारीने उचलला. बाईंनी नाव सांगताच तिचा आवाज खुलला. "सोडलं की बाई, परवाच! तळ अगदी फडक्याने पुसून ठेवलाय. तुम्ही कधी येताय?"