उडीचं तेवढं लावा

पडद्यावर राक्षसांचा राजा सिंहासनावरून उठला आणि मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "अबे, हे तर लग्नाची शूटिंग लावली!" चिखलीचं अख्खं टॉकीज हसलं. दुसऱ्याने विचारलं, नवरदेव कुठी हाय? तिसरा तर कार्यालयातल्या माइकवाल्याचा आवाज काढून सांगायला लागला की, वऱ्हाडी मंडळींनी जेवल्याशिवाय जाऊ नये. मीही हसलो. माझ्या शेजारी बसलेली प्रतीक्षा मात्र रडकुंडीला आली होती.

प्रतीक्षा माझ्या धाकट्या भावाची पोरगी. बुलढाण्याला कॉलेजात शिकते. हा सिनेमा ज्या जाडजूड कादंबरीवर काढला, ती कादंबरी तिने इतक्या वेळा वाचली की पुस्तकाची पानं सुटून आली. राक्षस, उडते डोंगर, नावाड्याची पोर राणी होते, असं काहीबाही आहे त्यात. मला सिनेमाचं मुळीच वेड नाही. माझं वांग्याभेंडीचं शेत बरं आणि मी बरा. पण जयमाला, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून भावाच्या घरच्यांनी मला कुठे ना कुठे न्यायचा चंगच बांधला आहे. कधी बारशाला नेतात, कधी डोळ्यांच्या शिबिराला. या खेपेला सिनेमाला आणलं होतं. मला नेलं की त्यांना बरं वाटतं, म्हणून मी जातो.

सिनेमा खरोखरच विचित्र दिसत होता. सगळं इतकं साफ आणि गुळगुळीत हलत होतं की राजाच्या दाढीचा गोंद दिसे. मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे शेवटच्या रांगेतूनही कळत होतं. राजवाडा पाहून मला आमच्या बाजार समितीजवळचं मंगल कार्यालय आठवलं, तसेच खांब आणि तसाच सोनेरी रंग. नटलेली माणसं समोर उभी आहेत आणि आता जेवायला बसणार आहेत, असं वाटे. काही लोक उठून गेले. काही जणांची खात्रीच झाली की टॉकीजवाल्याने खरा सिनेमा न आणता सिनेमा काढताना कोणी बाजूला उभं राहून काढलेली शूटिंग लावली आहे. ते मॅनेजरशी भांडायला गेले.

मध्यंतरात प्रतीक्षाने मला समजावलं. यात बिघाड काही नाही, मुद्दाम तसं केलं आहे. नेहमीच्या सिनेमात एका सेकंदात जेवढी चित्रं सरकतात, त्याच्या दुप्पट यात सरकतात. त्यामुळे हलणं खऱ्यासारखं दिसतं. मी म्हटलं, खरं दिसतं तर चांगलंच आहे की, मग रडतेस कशाला?

"खरं नाई पाह्यजे ना, मोठेबाबा," ती म्हणाली. "खरं तर बाहेर हायच."

पोरगी शहाणी आहे. मला तेव्हा तिचं म्हणणं पटलंही. मध्यंतरानंतर मी डुलकी काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती नावाड्याची पोर पडद्यावर आली. तिच्या मागे राक्षस लागले होते. वाटेत ओढा आडवा आला. तिने घागऱ्याचा घोळ एका मुठीत गोळा केला आणि उडी मारली.

बस, तेवढंच. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती पलीकडे होती. पण मी ताठ बसलो. सिनेमातल्या बायका उडी मारत नाहीत, त्या तरंगतात. ही वजनासकट उडाली. पाय आपटला, घागरा मागून आला, खांदे हलले. तोंडावळ्याने ती नटी जयमालेच्या जवळपासही नव्हती. ती उंच, गोरी आणि किडकिडीत. जयमाला सावळी, ठेंगणी, अंगाने भरलेली. तरी मी ती उडी ओळखली. तशी उडी मी फक्त आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये पाहिली होती.

त्या कॅसेटचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या लग्नात तिच्या मामाने हौसेने खामगावहून शूटिंगवाला आणला होता. लग्न लावून आम्ही जीपने घरी आलो. दाराशी पाण्याच्या मोटारीचा पाइप फुटून चिखल झाला होता. माझ्या शेल्याची आणि तिच्या पदराची गाठ बांधलेलीच होती. मी पाठ फिरवून जीपवाल्याला सांगत होतो की पेटी नीट उतरव. मागे बाया नव्या नवरीला म्हणत होत्या, जपून, पाय घसरेल. त्या नवरीने काय करावं? शालू मुठीत गोळा केला आणि टुणकन चिखल ओलांडला. गाठीचा मला असा हिसका बसला की मी उलटा फिरून चिखलात पडलो. फेटा घसरून नाकावर आला. मी डोळे उघडले तेव्हा नवरी पलीकडे पदर पुढे ओढून, जसं काही झालंच नाही, अशी खाली मान घालून उभी.

म्हणजे उडी मी पाहिलीच नव्हती. माझ्या वाट्याला आला तो हिसका. पाहिली ती पुढे कॅसेटमध्ये. दिवाळीला व्ही.सी.आर. भाड्याने आणायचा आणि घरभर माणसं जमायची. मंगलाष्टकं कोणालाच नको असत. आल्यागेल्याचं एकच म्हणणं असे, उडीचं तेवढं लावा. जयमाला लाजून आत जायची आणि दाराआडून स्वतःच पाहायची. मला चिडवायची, "मी इसरलीच होती, तुमी मांगं बांधेल हाय म्हून."

पुढे व्ही.सी.आर. गेले. कॅसेट कपाटात राहिली. जयमाला गेल्यावर मी ती काढून खामगावला नेली, की नव्या पद्धतीत भरून द्या. दुकानदाराने उघडून दाखवली. फितीला आतून पांढरी बुरशी आली होती. त्याने हळूच फिरवून पाहिली आणि ती तुटली. त्याचा काही दोष नाही. मी डबी घेऊन परत आलो.

फोटो पुष्कळ आहेत. भिंतीवर आहे, पाकिटात आहे, आधार कार्डावर तर पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. पण फोटोतली जयमाला हलत नाही. आणि अलीकडे असं व्हायला लागलं की डोळे मिटले तरी ती हलेना. चूल पुसताना कशी वाकायची, शेतातून येताना हात कसे टाकायची, ते आठवायला जावं तर भिंतीवरचा फोटोच समोर येई. हे मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कोणाला? भावाने मला दवाखान्यात नेलं असतं.

आणि त्या दुपारी टॉकीजमध्ये, लोक शिट्ट्या मारत असताना, ती हलली. ओढा ओलांडला त्या नटीने, पण त्यानंतर किती तरी वेळ माझ्या डोळ्यांपुढे जयमालाच चालत होती. खळ्यातून घरात गेली, पाण्याचा गुंड उचलला, कंबरेवर घेतला. मी अंधारात बसून रडलो. शेजारी प्रतीक्षाही नाक पुसत होती, पण तिचं कारण वेगळं होतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, तुम्हालाही नाही ना आवडला? मी म्हटलं, छे. दुसरं काय म्हणणार होतो.

मी परत जायचं ठरवलं. घरी जयमाला पुन्हा फोटोत जाऊन बसली होती, म्हणून. सोमवारच्या बाजारात भेंडी लवकर काढून टाकली. मिळेल त्या भावाने दिली, म्हणून शेजारचा भाजीवाला मला वेडा म्हणाला. घरून आणलेला धुतलेला सदरा बाजारातच चढवला. म्हातारपणी चोरून सिनेमाला जाताना माणसाला फार मजा येते, हे मला माहीत नव्हतं. खुर्चीही पुढची घेतली.

टॉकीज गच्च भरलं होतं आणि कोणी हसत नव्हतं. राजा सिंहासनावरून उठला तसे लोक गप्प झाले. मुकुट सोन्याचा दिसत होता. राजवाडा दूर, धुक्यातला, जुन्या काळातला. मला वाटलं, माझ्याच चष्म्यावर काही बसलं असेल. पुसला. मध्यंतर झालं. मी जागेवरून उठलो नाही. मग ओढा आला, तिने घागरा मुठीत घेतला आणि ती तरंगत पलीकडे गेली. वजन नाही, आपटणं नाही. फार सुंदर दिसलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली. मी डोळे मिटून पाहिले, तर भिंतीवरचा फोटो.

टॉकीजचे मॅनेजर उकंडराव माझ्या ओळखीचे. माझ्याकडूनच वांगी नेतात. सिनेमा सुटल्यावर त्यांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, परवाचा तो दुसरा कधी लावणार? त्यांना आधी कळेनाच. कळलं तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. लोकांनी डोकं खाल्लं म्हणाले, म्हणून कंपनीला सांगून तोच सिनेमा नेहमीच्या वेगाचा, साधा मागवला. बुलढाण्याच्या कॉलेजच्या मुलींनी तर फोनवर पत्रच लिहून पाठवलं होतं, पुस्तकाचा कसा सत्यानाश झाला म्हणून. पत्र चांगलं होतं. त्यानंतरच सूत्रं हलली.

"तुमच्याच घरची पोरगी व्हती न पुढं," ते कौतुकाने म्हणाले. "अन् तुमाले तोच पाह्यजे? गावात तुमी एकटेच भेटले, ज्याले थो आवडला."

मी म्हटलं, असंच विचारलं. त्यांनी चहा सांगितला. मी चहा पिऊन बसस्टँडवर आलो. प्रतीक्षाचा मला राग आला, नाही असं नाही. बस सुटेपर्यंत होता. पण तिची ती राणी तिच्या डोक्यात जशी होती तशी तिला पडद्यावर हवी होती. मला तरी दुसरं काय हवं होतं? तिच्या बाजूने अख्खा तालुका होता, एवढाच फरक.

घरी पोचतो न पोचतो तोच तिचा फोन आला. कोण्या मैत्रिणीने मला टॉकीजबाहेर पाहिलं होतं. पोरीला इतका आनंद झाला होता की मोठेबाबा आपल्यासाठी पुन्हा सिनेमा पाहायला गेले.

"आता कसा वाटला, मोठेबाबा?"

"आता बराबर हाय," मी म्हणालो.

ती खूप वेळ बोलत राहिली. मी हाव हाव करत गेलो. दिवस मावळायला आला होता. अंगणात पाइप गळून दाराशी पुन्हा चिखल झाला होता. तो पाइप कितीदा बदलला तरी तिथेच गळतो. फोन खिशात ठेवला आणि मी चिखलाच्या अलीकडे उभा राहिलो. रस्त्यावर कोणी नाही असं पाहून घेतलं. मग पायजमा मुठीत धरला आणि मारली उडी.

गुडघ्यात कळ आली, पण पोचलो. पलीकडे खाली मान घालून उभा राहिलो, ती उभी होती तसाच. मला तिची फार आठवण येते. ती गेली त्या सकाळीही मी मोटार सुरू करायला पाठ फिरवून शेतात गेलो होतो. थोडा वेळ तिथेच थांबलो आणि मग मागे वळून पाहिलं. चिखलात कोणीच पडलं नव्हतं.