चादरीचं दुसरं टोक

धुलाईघरातल्या बायका मला कानवाली म्हणायच्या. नावं ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मुकादमाला त्या ढगोबा म्हणत, कारण तो यायचा, गडगडायचा आणि न बरसता निघून जायचा. मी त्यांच्यावर संशोधन करत होते. म्हणजे इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालताना त्या जे बोलतात ते रेकॉर्ड करत होते, आणि नुसतं बसवत नाही म्हणून चादरीचं दुसरं टोक धरत होते.

तिथे घडी दोघींनीच घालायची. दोघी लांब उभ्या राहून ताण देतात, मग चालत जवळ येतात आणि एक आपली टोकं दुसरीच्या हातात देते. लांब असताना थट्टा, जवळ आल्यावर मनातलं. घडी पडली की विषय संपला; अर्धा राहिला तरी कोणी पुढे ओढत नाही. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण मी तसंच लिहिलं होतं. दोन आवाज, लांबून आखूड वाक्यं, जवळ येताना मोठी, आणि घडी पडली की मजकूर तिथेच तोडलेला. मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हा प्रबंध आहे की नाटक? मग म्हणाल्या, ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवा. त्या हो म्हणाल्या तर मी समितीशी भांडते.

एवढा जीव मी संसारातही ओतला नव्हता. तो मोडला तेव्हा कोणाला सांगावं ते सुचलं नाही, म्हणून सांगितलंच नाही.

धुलाईघरात मी प्रकरण वाचून दाखवताना बायकांचे हात चालूच होते. एकमेकींना कोपरखळ्या मारत त्यांनी ढगोबाचा भाग पुन्हा वाचायला लावला. सगळ्यांत वयस्कर आक्का तेवढी मान खाली घालून ऐकत होती. सर्वांत मोठा भाग तिचाच होता. नवरा गेल्यापासून ती दाराला आतून कडी लावत नव्हती. काही बरंवाईट झालं तर शेजारणीला दार फोडावं लागू नये, असं ती मला घडी घालताना म्हणाली होती.

"सगळं बरोबर लिहिलंस," आक्का म्हणाली. "पण माझ्यासमोर कोण होतं?"

"मीच की."

"मग तू कुठे आहेस यात? मी काय भिंतीशी बोलले?"

संशोधकाने मध्ये यायचं नसतं, असं मी काहीबाही पुटपुटले. आक्काचं म्हणणं साधं होतं: माझं ठेवायचं तर तुझंही घाल, नाहीतर माझं काढून टाक. तिचं काढलं तर प्रकरणात ढगोबाच उरला असता.

घरी येऊन मी सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. माझं त्यात काय होतं? हं. मग? बरं. अगं बाई. आक्का मला अनेकदा विचारत होती, तुझ्या घरी कोण कोण असतं गं? आणि दरवेळी मी विचारत होते, तुमच्या मुलीचं पुढे काय झालं? किती सफाईने टाळत होते मी. त्या खोलीत मला इतकं एकटं वाटलं की मी उठून सगळे दिवे लावले.

दुसऱ्या दिवशी आक्काला सांगितलं, माझ्याकडे घालण्यासारखं काहीच नाही, तुमचा भाग काढते. तिने वाद घातला नाही. ड्रायरमधून नुकतीच निघालेली गरम चादर उचलली, दोन टोकं माझ्या हातात दिली आणि मागे सरकत ताण दिला.

"ते यंत्र चालू कर," ती म्हणाली. "आज मी ऐकते."

चादर ताठ झाली. बाकीच्या आपापल्या घड्यांत गुंतल्या होत्या. आक्का टोकं धरून जवळ येऊ लागली. ती पोचली की विषय संपणार होता.

"घरी ना," मी म्हणाले, "मी चादर हनुवटीखाली धरून घडी घालते."

आक्का अर्ध्या वाटेत थांबली. मग टोकं माझ्या हातात न देता ती पुन्हा मागे गेली आणि चादर ताणून उभी राहिली.