कूलरचं गवत

"बाबा, बटन दाबा नं! गर्मीनं जीव चालला माहा," दीपमाला आतल्या खोलीतून ओरडली.

सातवा महिना लागलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी कालच माहेरी आली होती. नागपूरचा मे महिना, पारा सेहेचाळीसवर, आणि बाप पंचवीस वर्षांचा मुरलेला कूलर मिस्त्री. तरी प्रेमानंदचा हात बटनापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा मागे आला.

कूलर सुरू झाला की त्याला मीराबाईचा खोकला ऐकू यायचा. पंख्याच्या घरघरीत आधी बारीक, मग ढास लागल्यासारखा. बायको दिवाळीतच गेली होती. मेलेल्या माणसाचा खोकला ऐकू येतो, हे सांगायचं तरी कुणाला? लोक वेड्यात काढायचे.

"काहून नाही लावून राहिले?"

"खराब आहे."

"मिस्त्रीचाच कूलर खराब? कोणाले सांगू नका बाबा, धंदा बसन!" हसत हसत ती स्वतःच बटनाकडे निघाली.

आता मात्र त्याला राहवेना. त्यानं तिचा हात धरला. "थांब वं माय. याच्यातलं गवत लोकायच्या कूलरचं आहे. जुनं."

दर उन्हाळ्यात तो गिऱ्हाइकाच्या कूलरला नवं गवत भरलेल्या जाळ्या बसवायचा आणि निघालेलं जुनं गवत, बरं दिसेल ते, जाळीसकट घरी आणायचा. फेकवत नसे. मीराबाई म्हणायची, कुबट वास येतो. हा म्हणायचा, कूलरचा वास तसाच असतो. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुठे बुरशी आहे का? हा ठामपणे 'नाही' म्हणाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"म्याच मारलं तुह्या आईले," तो म्हणाला.

दीपमाला पलंगाच्या कडेला बसली. रडली नाही.

"आईले माहीत होतं."

"काय?"

"ते गवत गच्चीवर नेऊन वाळवे ती. काठीनं झोडपे. नुसती काळी भुकटी उडे. मी म्हटलं, बाबाले सांग. तं म्हणे, तुहे बाबा उन्हातानात लोकायचे घरं थंडे करून येतात. त्यायले कसं सांगू का घरची हवा मले बाधते म्हणून?"

प्रेमानंदला मीराबाईचा भयंकर राग आला. मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

लेकीनं आपली गादी समोरच्या खोलीत ओढली आणि आतलं दार लावून घेतलं. तो नाकाला ओला दुपट्टा बांधून मागच्या बाजूनं कूलरशी गेला. तिन्ही बाजूंच्या गवताच्या जाळ्या काढल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि तसाच गच्चीवर चढला.

स्लॅबवर गंजाचे तीन चौकोन उमटले होते. दर वर्षी त्याच जागी, एकीशेजारी एक जाळी नीट मांडल्यासारखे. टाकी पाहायला तो कितीदा इथं आला होता, पण खाली कधी बघितलं नव्हतं.

चौकोनांवर पाय पडू न देता तो कडेकडेनं गेला आणि भर उन्हात उभा राहिला.

"बाबा, खाली या," दीपमालानं हाक मारली. "ऊन लागन."

तो हलला नाही.