हवा पायजे, वारा न्हाई

चौघांनी मिळून पंखा हातगाडीवरून उतरवला, तेव्हा कस्तुरा अंगणात पेंढा भिजवत होती. बंद पडलेल्या एका फाउंड्रीतला तो पंखा, लोखंडी, काळाकुट्ट, बैलगाडीच्या चाकाएवढा. तिचा नवरा भीमराज त्यावर हात टेकून उभा होता, शर्यतीचा बैल जिंकून आणल्यासारखा.

"आता बघ, तुझ्या खोलीतली हवा कशी पळती."

"मी लहान पंखा म्हणलं हुतं," कस्तुरा म्हणाली. "मला हवा पायजे, वारा न्हाई."

"कंपनीत पेंटशॉपचे पंखे कोण सांभाळत हुतं? मला पंखे शिकवतीस व्हय?"

बघ्यांपैकी कुणीतरी हसलं. कस्तुरानं ओठ आवळले आणि पेंढा असा पिळला की पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

गणपतीत कंपनीच्या फाटकाला टाळं लागलं ते थंडी पडली तरी उघडलं नव्हतं. तेव्हापासून भीमराज सकाळी इस्त्रीची पँट घालून फाटकाशी जायचा आणि दुपारी घोषणा देऊन बसलेला घसा घेऊन परत यायचा. कस्तुरानं मात्र पुण्याच्या शेतकी कॉलेजात अळंबीचा वर्ग केला. घरामागची पत्र्याची, सरपणाची खोली झाडली, भिंतींना ओली गोणपाटं लावली, पेंढा भरलेल्या पिशव्या टांगल्या. अख्खी काळेवाडी हसली. भीमराजची बायको कुत्र्याच्या छत्र्या पिकवते म्हणे! मग कॅम्पातलं एक हॉटेल ती अळंबी घ्यायला लागलं आणि हसणं थांबलं. घरातली चूल त्याच खोलीवर पेटत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

पिशव्या वाढल्या तशी खोली कोंडली. अळंबीला लांबच लांब दांडे आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी. हॉटेलवाल्यानं एक टोपली तशीच परत पाठवली. म्हणून पंखा हवा होता.

भीमराजनं भिंत फोडून पंखा बसवला. बटण दाबताच पत्रा थरथरला, गोणपाटं फडफडली. कस्तुरा ओरडली, "बंद करा!" त्यानं ऐकलं नाही. तिनं बंद केला. ती झोपल्यावर त्यानं पुन्हा लावला.

सकाळी तिनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. गोणपाटं पापडासारखी कडक. अळंबीच्या कडा पिवळ्या पडून चिरलेल्या. बारीक कोंब तर जागीच जळाल्यासारखे. आठवडाभरात काढणीला आलं असतं, ते सगळं गेलं होतं.

तिला रडू आलं नाही. पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत नुसता जाळ उठला.

सासू चतुराबाई मागून डोकावली. सुकलेली अळंबी खुडून पदरात टाकत म्हणाली, "वाळवून ठिऊ. कालवणात घालता येत्याल."

"आत्या, तेवढ्यानं माझं समाधान करू नका!"

कस्तुरानं पाना घेतला आणि पंख्याचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. भीमराज धावत आला. "काय चाललंय?"

"धरा. न्हाईतर पायावर पडंल."

त्यानं धरलं. शेजारच्यांनी हात लावला आणि पंखा पुन्हा हातगाडीवर चढला. दांडा कस्तुरानं स्वतः धरला आणि गाडी भर दिवसा रस्त्यावर काढली. चहाच्या टपरीवर कंपनीचीच माणसं बसली होती. सगळ्यांच्या माना वळल्या.

"थांब," भीमराज मागून दातओठ खात म्हणाला. "लोकं बघत्यात."

"बघू द्या. आणताना बघत हुते, तवा बरं वाटलं न्हवं?"

भंगारवाल्या नूरमोहम्मदच्या दुकानात जुने पंखे दारापर्यंत रचलेले होते. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि सवयीनं भीमराजला विचारलं, "भाई, खोली केवढी आहे? किती लांब, किती उंच?"

 भीमराजला माहीत नव्हतं. भिंत फोडली होती, पण त्या खोलीकडं त्यानं धड बघितलंच नव्हतं.

"मला इचारा," कस्तुरा म्हणाली. तिनं माप सांगितलं, पिशव्या किती दाट टांगल्यात ते सांगितलं. मग दुकानदाराकडून उदबत्ती मागून घेतली, एकेका पंख्यासमोर धरली. "धूर वाकला पायजे, तुटला न्हाई पायजे." पहिला पंखा जोरकस. दुसरा खडखडणारा. शेवटी तिनं दोन छोटे, शांत पंखे बाजूला काढले. मोठ्याच्या बदल्यात नूरमोहम्मद खुशीनं तयार झाला.

बोळात आल्यावर भीमराज उसळला. "माझी अब्रू चव्हाट्यावर आणलीस! कंपनी बंद म्हणून मी आता तुझा गडी काय? त्या खोलीत मला एकदा तरी बोलावलंस?"

कस्तुरा गर्रकन वळली. "बोलवायला तुमी काय पाहुणे हाय? दार उघडंच हाय! पाणी मी वाहिलं, पेंढा मी कापला, लोकांचं हसणं मी सोसलं. तुमाला एक पंखा आणायला सांगितला, तर तुमी टपरीवर दाखवायला हत्ती आणला!"

 त्यानं तिच्या हातातला गाडीचा दांडा घेतला.

भिंतीतलं भगदाड त्यानंच विटांनी बुजवलं आणि पंखे बसवले. हवा आत यायला समोरच्या भिंतीला खाली जाळी लावली आणि तिच्यावर ओलं गोणपाट सोडलं. ते तिनं सांगितलं तसं.  पंखे सुरू झाले तेव्हा त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"अजून हळू," ती म्हणाली.

त्यानं रेग्युलेटर बसवला.

पुढचं पीक दाट आलं, आखूड दांड्यांचं, तळहाताएवढ्या टोप्यांचं. सकाळी कस्तुरा टोपली घेऊन निघाली, तेव्हा भीमराज पुढं आला. "बसपत्तुर मी घेतो."

"नको. गोणपाटं वाळत्यात. पाणी मारा."

तो आत गेला. बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसल्यावरसुद्धा तिचा राग उतरला नव्हता. मेलेले ते कोंब डोळ्यांपुढून हलत नव्हते. हॉटेलच्या मागच्या दारी तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. आचाऱ्यानं एक अळंबी उचलून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "उद्या दोन टोपल्या मिळतील?"

"बघून सांगीन," कस्तुरा म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच ती घाई न करता पायरीवर बसली.